सिलिअ‍ॅकची गोष्ट: गव्हावर संशय यायला इतका वेळ का लागला?

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं...', 'म्हणजे म्हणजे' तेवढे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच आहे.)

आज एका आजाराचा इतिहास सांगणार आहे. नाव सिलिअ‍ॅक. आमच्या कॉलनीत त्याला सरसकट 'गव्हाची अ‍ॅलर्जी' म्हणायचे. ती अ‍ॅलर्जी नाहीये, पण त्यावर येऊच.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. एक, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहिते. दोन, हा आजार मला स्वतःला आहे आणि सात वर्षांची असल्यापासून मी त्याच्यासोबत राहतेय. त्यामुळे या विषयावर मी फार तटस्थ वगैरे असणार नाही.

इतिहास वाचायला घेतला तेव्हा एकच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. ब्रेड, पोळी, बिस्किट हे काही दुर्मीळ विष नाही. मुलं ते रोज खात होती, खंगत होती, काही मरत होती, आणि हुशार डॉक्टर समोर बसून बघत होते. मग गव्हावर बोट ठेवायला 1930 चं दशक का उजाडावं लागलं?

आधी आजार म्हणजे नक्की काय, ते एका मिनिटात. आपल्या लहान आतड्याच्या आतला पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. टॉवेलला जसे रोंवे असतात तसे तिथे लाखो बारीक अंकुर असतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिकट ताण येतो ना, तो त्याचाच. ज्यांना सिलिअ‍ॅक आहे त्यांची रोगप्रतिकारक यंत्रणा या ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. अँटीव्हायरसनं चुकून स्वतःच्याच सिस्टिम फाइल्स उडवाव्यात, तसं. अंकुर झिजतात, टॉवेलची चादर होते. मग तुम्ही तूप खा, बदाम खा, अंगाला काही लागत नाही. मूल असेल तर वाढ थांबते, पोट फुगतं, हातपाय काड्यांसारखे होतात, रक्त कमी होतं.

आता मागे जाऊ. बरंच मागे.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, अ‍ॅरेटियस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. खाल्लेलं न पचता बाहेर पडणाऱ्या, खंगत जाणाऱ्या रोग्यांचं वर्णन त्यानं केलं. ग्रीक भाषेत पोटाला 'कोइलिया', त्यावरून आजाराचं नाव आलं. नाव मिळालं, कारण नाही मिळालं.

तिथून थेट लंडन. 1887 साल. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सॅम्युअल गी नावाच्या डॉक्टरांनी एक व्याख्यान दिलं. पुढच्या वर्षी ते छापून आलं. हा आजार कुठल्याही वयात होतो, पण एक ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये जास्त दिसतो, हे त्यांनी नीट मांडलं. आणि एक फार मोठी गोष्ट सांगितली: हा आजार बरा होणारच असेल तर तो आहारानंच होईल. औषधानं नाही.

दिशा शंभर टक्के बरोबर होती. पण पथ्य काय सांगितलं ते ऐका. भात नको, साबुदाणा नको, मक्याचं पीठ नको. आणि चालेल काय? पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला ब्रेड! म्हणजे ज्यात ग्लूटेन नाही ते सगळं बंद आणि ज्यात आहे ते टोस्ट करून चालू.

त्यांच्याच लेखात एका मुलाची गोष्ट आहे. त्याला रोज लिटरभर मापाचे हॉलंडचे उत्तम शिंपले खायला दिले. पोरगं छान सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा आजारी पडलं. पुढच्या हंगामात शिंपले आले, पण पोरानं तोंडच उघडलं नाही. मला हे वाचून हसू आलं आणि त्या पोराची दयाही आली. ज्यानं लहानपणी पथ्य पाळलंय त्याला कळेल. तब्येत सुधारतेय वगैरे ठीक, पण रोज तेच? लिटरभर?

माझा अंदाज असा, की शिंपल्यांनी पोट भरल्यामुळे ब्रेडला जागाच उरत नसावी. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष मूल काय खातंय याकडे होतं. त्यामुळे मूल काय खात नाहीये, हे कुणी बघत नव्हतं.

हीच चूक पुढे मोठ्या प्रमाणावर झाली, आणि गंमत म्हणजे तिनं हजारो मुलं वाचवली. न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. 1924 मध्ये त्यांनी दहा मुलांची माहिती छापली. आठ मुलांना केळ्यांचा आहार दिला होता, ती सुधारली. दोघांना दिला नव्हता, ती दोघं दगावली. पिकलेली केळी दिवसाला चार, सहा, आठ. सोबत दुधाचे काही पदार्थ, मांस, फळं, भाज्या. ब्रेड, बिस्किटं, बटाटे, तृणधान्यं बंद.

हास यांचं म्हणणं होतं की खरा शत्रू पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च, आणि केळ्यात काहीतरी खास आहे ज्यामुळे तो पचतो. त्यांच्या लेखात पोर्तो रिकोचंही उदाहरण होतं: तिथे गावात भरपूर ब्रेड खाणाऱ्यांना असा आजार होतो आणि मुख्यतः केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना होत नाही. पुरावा समोर होता बघा! ब्रेड खाणारे आजारी, न खाणारे ठणठणीत. पण श्रेय केळ्याला गेलं.

माझ्या कामात याला वर्कअराउंड म्हणतात. बग कुठे आहे माहीत नाही, पण हे बटण दाबलं की सिस्टिम चालते. चाललं ना, मग दाबा. त्यात वाईट काही नाही, मुलं जगली. अडचण पुढे येते. मूल सुधारलं की हास यांच्या हिशेबानं ते 'बरं झालं'. मग हळूहळू सगळं खायला मोकळं. पण सिलिअ‍ॅक बरा होत नाही, तो शांत बसतो. ब्रेड परत सुरू झाला की आतड्याची झीजही सुरू होते, कधी कधी बाहेर फार लक्षणं न दाखवता. वर्षांनंतर हाडं ठिसूळ होतात, अ‍ॅनिमिया होतो. 1951 मध्ये हास यांनी आपल्या मुलासोबत यावर आख्खं पुस्तक काढलं, तेव्हाही त्यांचा स्टार्चवरचा राग कायम होता. आणि तोपर्यंत अटलांटिकच्या पलीकडे खरं उत्तर सापडलेलं होतं.

ते उत्तर शोधणारा माणूस म्हणजे विलेम कारेल डिके. जन्म 1905, नेदरलँड्स. द हेग शहरातल्या युलियाना बाल रुग्णालयात ते काम करायचे आणि तिशीतच तिथले प्रमुख झाले. 1930 च्या दशकाच्या मध्यात ते गहू वगळून आहार देऊन बघू लागले होते. 1936 च्या सुमाराची एक हकिगत सांगितली जाते. सिलिअ‍ॅक असलेल्या एका मुलाच्या आईनं त्यांना सांगितलं की, ब्रेड बंद केला की याच्या अंगावरचं पुरळ लगेच जातं. दुसऱ्या कुणी 'बरं बरं' म्हणून पुढचा पेशंट बोलावला असता. डिके यांनी ते ऐकून घेतलं आणि त्याचा पाठपुरावा केला.

इंटरनेटवर तुम्हाला ही गोष्ट वेगळी सापडेल. त्यात डिके यांना गव्हाचा शोध 'भुकेच्या हिवाळ्यात' लागला असं असतं. तो हिवाळा 1944-45 चा. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नाची नाकेबंदी झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरेचं बीट खाऊन दिवस काढले. सुमारे 20,000 माणसं गेली. आणि त्याच हिवाळ्यात डिके यांच्या वॉर्डातली सिलिअ‍ॅकची मुलं मात्र तुलनेनं बरी होती, कारण ब्रेडच नव्हता. मदतीचा ब्रेड आला आणि ती पुन्हा आजारी पडली.

हे झालं, यात वाद नाही. पण तारखा लावून बघा. गहू वगळलेल्या आहारावर डिके यांचा लेख डच वैद्यकीय नियतकालिकात 1941 मध्येच आला होता. संशय आधीचा होता, दुष्काळानं त्यावर शिक्का मारला. सिनेमासाठी दुष्काळाची गोष्ट जास्त चांगली आहे, मान्य. पण मला पहिली जास्त आवडते. कारण तिच्यात शोधाची सुरुवात एका आईच्या निरीक्षणापासून आणि ते ऐकणाऱ्या डॉक्टरपासून होते.

शिवाय डिके 'मला वाटतं' वर थांबले नाहीत. त्यांनी मुलांना काही काळ गहू दिला, काही काळ बंद केला, पुन्हा दिला, आणि वजनाचे आलेख वर्षानुवर्षं ठेवले. युट्रेख्टमधले रसायनतज्ज्ञ फान डे कामर यांनी शौचातली चरबी अचूक मोजायची पद्धत तयार केली होती. चरबी जितकी जास्त बाहेर, तितकं आतडं कमी काम करतंय. बालरोगतज्ज्ञ वेयर्स यांच्यासोबत मिळून त्यांनी दाखवलं की गहू दिला की आकडा चढतो, बंद केला की उतरतो. 1950 मध्ये डिके यांचा प्रबंध युट्रेख्ट विद्यापीठात सादर झाला. 1952 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये पुढचं पाऊल टाकलं. कणकेचा गोळा नळाखाली धूत राहिलात तर पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिकट गोळा उरतो, बघितलंय कधी? पांढरं पाणी म्हणजे स्टार्च, गोळा म्हणजे ग्लूटेन. त्यांनी असेच दोन भाग वेगळे करून मुलांना दिले. स्टार्चनं काही झालं नाही. ग्लूटेननं झालं.

साठ वर्षं ज्याला आरोपी ठरवलं तो स्टार्च निर्दोष सुटला. भात, मका, साबुदाणा, सगळे सुटले.

पुढचं भराभर सांगते. 1950 च्या दशकात नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून बघता येऊ लागला. लंडनच्या मार्गट शायनर यांचं त्यात मोठं काम आहे. झिजलेले अंकुर आता डोळ्यांनी दिसायला लागले. 1997 मध्ये जर्मन संशोधकांनी शोधून काढलं की शरीराचा हल्ला नेमक्या कुठल्या एन्झाइमवर होतो. त्यावरूनच आजची टीटीजी नावाची रक्ततपासणी आली. माझं निदान त्याच तपासणीनं झालं.

आता आपल्याकडे येऊ. बराच काळ जगाला वाटायचं की हा युरोपियन लोकांचा आजार आहे. पण 1966 मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये उत्तर भारतातल्या सिलिअ‍ॅक मुलांवर लेख आला होता. 2011 मध्ये दिल्ली परिसरातल्या एका पाहणीत साधारण दर 96 माणसांमागे एकाला हा आजार सापडला. 2016 मध्ये त्याहून मोठा अभ्यास आला: देशाचे तीन भाग, 23,331 माणसं. आजाराशी संबंधित अँटिबॉडी उत्तरेत 1.23 टक्के लोकांत, ईशान्येत 0.87 टक्के, दक्षिणेत फक्त 0.10 टक्के. या आजाराला लागणारे जीन्स तिन्हीकडे साधारण सारखेच. मोठा फरक होता ताटात. गव्हाचं रोजचं सरासरी प्रमाण उत्तरेत 455 ग्रॅम, ईशान्येत 37, दक्षिणेत 25.

महाराष्ट्र त्या अभ्यासात नव्हता. पण आपण कुठे बसतो याचा विचार करून बघा. मी सोलापूरची. ज्वारीचा मुलूख. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाला आणि पाहुणे आले की. पोळी म्हणजे ऐपत. माझ्या लहानपणापर्यंत हे पार उलटलं होतं: सकाळी डब्याला पोळी, चहासोबत बिस्किटं, रात्री कधी भाकरी कधी पोळी.

आणि यामुळेच माझ्या घरी कुणाला काही कळलं नाही. भाकरीचे दिवस जास्त आले की मी बरी, पोळ्यांचे आले की आजारी. अधूनमधून येणारा बग शोधणं सगळ्यात अवघड असतं, कुठल्याही प्रोग्रामरला विचारा. आधी जंताची औषधं झाली. मग लोहाचं टॉनिक, दोन वर्षं, तरी हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. मग एका डॉक्टरांनी 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' म्हणून टीबीची औषधं सुरू केली. नात्यातल्या बायका आईला सांगायच्या, दृष्ट काढ, पोरगी अंगच धरत नाही. शेवटी पुण्यात एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतडं बघितलं आणि सांगितलं, "औषध काही नाही. गहू बंद. कायमचा."

बाबांनी विचारलं, "कायमचा म्हणजे किती वर्षं?" हा प्रश्न मी आजही ऐकते, फक्त माणसं बदलतात.

आजार समजायला एक दिवस लागला, घर बदलायला वर्ष गेलं. पहिली अडचण गिरणी. आमच्या ज्वारीच्या आधी कुणाचे गहू दळले असतील तर ते पीठ जात्यातून आमच्या डब्यात यायचं. गिरणीवाले काका चांगले होते, सकाळी पहिलं दळण आमचं घ्यायचे, पण आदल्या रात्रीचं पीठ आत असायचंच. शेवटी आईनं भिशीच्या पैशांतून घरघंटी घेतली. दुसरी अडचण पोळपाट-लाटणं, तवा, चाळणी. सगळं वेगळं. तिसरी तर कुणाच्या डोक्यातच येत नाही: हिंग. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. म्हणजे वरण-भातही सुरक्षित नाही. थालीपिठाच्या भाजणीत गहू. कुरडयांत गहू. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात गहू.

प्रसादाला नाही म्हणणारी सात वर्षांची मुलगी लोकांना उद्धट वाटते. "एवढ्याशानं काय होतंय? देवाचं आहे." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! वर्गात वाढदिवसाचा केक वाटला की मी पेन्सिलला टोक करत बसायचे. सहलीला माझा डबा वेगळा. आपला सगळ्यात हक्काचा दिवस कुठला माहितीये? उपवास! साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, दाणे. आख्खं घर त्या दिवशी माझ्या पथ्यावर. मी एकादशीची वाट बघणारी, वयाच्या आठव्या वर्षी.

आणि फरक? एका वर्षात मी वर्गातल्या पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर गेले. आमच्याकडे उंचीनुसार बसवायचे.

आजीचं एक वाक्य सांगते. बाबा हळहळले होते की पोरीच्या नशिबात साधी पोळी नाही. आजी म्हणाली, "आमच्या नशिबात कुठं होती? वाढलोच की." शंभर वर्षांत आपण भाकरीला गरिबीचं खाणं करून टाकलं, आणि ती माझं औषध निघाली.

आता ही गोष्ट मी का सांगितली? कारण वर्कअराउंडची चूक आजही चालू आहे. पोट बिघडतं, कुणीतरी म्हणतं गहू सोडून बघ, सोडतात, बरं वाटतं, संपलं. तर प्लीज, हे एक लक्षात ठेवा: तपासणीच्या आधी गहू सोडू नका. टीटीजीची तपासणी आणि आतड्याचा तुकडा, दोन्ही बरोबर यायचे असतील तर आहारात ग्लूटेन असावं लागतं. आधीच सोडलं तर अँटिबॉडी उतरतात आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग हा पोटाचा नाजूकपणा आहे की आयुष्यभराचं कडक पथ्य, हेच कळत नाही. आणि 'थोडंसं चालतं का' याचं उत्तर त्यावरच ठरतं. सिलिअ‍ॅक असेल तर चालत नाही. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायला आपल्या देशात मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅम. किलोत 20 मिलिग्रॅम! यावरून 'एवढ्याशानं काय होतंय' याचा अंदाज करा.

तुमच्या घरात, शेजारी, शिकवणीला येणारं एखादं मूल असेल: उंची वाढत नाही, टॉनिक देऊनही रक्त वाढत नाही, पोट सतत बिघडतं. तर त्याच्या आईला एवढंच सांगा की डॉक्टरांना टीटीजीबद्दल विचार. आणि ती आई स्वतः काही सांगत असेल, की बाई हे खाल्लं की याला असं होतं, तर तिचं ऐकून घ्या. हेगच्या त्या आईचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. डिके यांनी तिचं ऐकलं म्हणून माझ्यासारख्या कितीतरी जणी आज धडधाकट आहेत.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे बिनगव्हाची काही खास रेसिपी असेल तर व्हॉइस नोट पाठवा, मी करून बघणार आहे. फक्त त्यात हिंग कुठला घालता तेही सांगा! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.